एजन्सीच्या कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या आधी
बेळगावच्या टिळकवाडीत बसून पुण्याच्या एजन्सीचं काम करताय ना, मग पगारी की फ्रीलान्सर हे ॲग्रीमेंटमध्ये आधी बघा, कारण प्रोफेशनल फी म्हणून दिले तर साधारण 10 टक्के टीडीएस (म्हणजे पैसे देतानाच इन्कम टॅक्स) कापतात आणि पीएफ वगैरे काय मिळत नाही, रेट ते धरूनच सांगा. रिटर्न भरला की जादाचा टीडीएस परत मिळतो. राज्याबाहेर बिल जातंय म्हणून जीएसटी लागतोच असं नाही हां, सर्व्हिसला वर्षाला 20 लाखांपर्यंत उलाढाल असली तर रजिस्ट्रेशन नको. पेमेंट किती दिवसांत ते लिहूनच घ्या, "क्लायंटनं दिल्यावर" असलं वाक्य काढायलाच लावा, माझे तीन महिन्यांचे पैसे त्यातच अडकलेले. वाद झाला तर कोर्ट बेळगावचं की पुण्याचं, तेही बघा.