पगारी संघ गेल्यावर जिल्ह्याची रग्बी पुन्हा कशी उभी करावी

मालक हात काढून घेतो, पगारी संघ बंद पडतो आणि जिल्हा संघटनेकडे उरतं ते एक कुलूपबंद कपाट, पोतंभर चेंडू आणि पालकांचे फोन. ही वेळ अनेकांवर आली आहे. वेल्समधला केल्टिक वॉरियर्स एकच हंगाम खेळून २००४ मध्ये गुंडाळला गेला. ऑस्ट्रेलियातल्या वेस्टर्न फोर्सला २०१७ मध्ये सुपर रग्बी या तिकडच्या पगारी संघांच्या मोठ्या स्पर्धेतून काढलं, मेलबर्न रेबल्सला २०२४ च्या हंगामानंतर. इंग्लंडमधला वास्प्स हा १८६७ चा क्लब, तोही २०२२ मध्ये कर्जात बुडाला.

यातलं एक उदाहरण आपल्या कामाचं आहे. स्कॉटलंडच्या बॉर्डर्स भागातला पगारी संघ २००७ मध्ये बंद झाला. पण हाच भाग सेव्हन्सची, म्हणजे सात-सात खेळाडूंच्या रग्बीची, जन्मभूमी. मेलरोझला १८८३ मध्ये पहिली सेव्हन्स स्पर्धा झाली आणि १९०१ पासून तिथल्या गावांची बॉर्डर लीग चालते. पगारी संघ गेला तरी ती लीग चालूच राहिली, कारण ती गावच्या क्लबांची होती, कुणा मालकाची नव्हती. फोर्सला एका खाणउद्योजकाने स्वतःचे पैसे ओतून तगवलं आणि २०२० मध्ये तो संघ परत आला. तसा माणूस भेटणं आपल्या हातात नाही. गावची लीग उभी करणं आहे. पुढचं सगळं त्यासाठीच, ठाणे आणि नवी मुंबई डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं.

पहिले पंधरा दिवस: कागद आणि कपाट

मैदानावर जाण्याआधी चार गोष्टी ताब्यात घ्या. खेळाडूंची यादी जन्मतारखांसकट, पालकांचे फोन नंबर, सामानाची मोजदाद आणि समाजमाध्यमांवरच्या पानांचे पासवर्ड. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण बहुतेक ठिकाणी पान संघमालकाच्या कंपनीतल्या एखाद्या नोकरदाराच्या नावावर असतं. तो नोकरी सोडून गेला की तीन वर्षांचे फोटो, व्हिडिओ आणि हजारो पालकांशी असलेला संपर्क एका दिवसात जातो.

मग धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातली आपली स्थिती बघा. मालकाची माणसं कार्यकारिणीवर असतील आणि त्यांनी राजीनामे दिले असतील, तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे सगळे ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल करावा लागतो. इथे नेहमी होणारी चूक अशी: राजीनामे तोंडी दिले जातात, सभेचा ठराव लिहिलाच जात नाही, आणि सहा महिन्यांनी बँक सह्या बदलून द्यायला नकार देते. खात्यात पैसे असूनही चेंडू घेता येत नाहीत. म्हणून लेखी राजीनामा, सभेची नोटीस, हजेरीपट आणि ठराव हे चारही कागद एकाच दिवशी, एकाच फाईलमध्ये. मागच्या वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल भरलेले नसतील तर तेही आधी भरा, नाहीतर पुढे कोणतीही देणगी मागताना तिथेच अडकाल.

खेळाडूंचे थकलेले पगार हा नाजूक विषय आहे. करारावर सही कंपनीची आहे की संघटनेची, हे वकिलाकडून तपासून घ्या. संघटनेची सही नसेल तर भावनेच्या भरात 'आम्ही बघतो' असा शब्द देऊ नका. पण मुलांना त्यांच्या कराराच्या प्रती मिळवून द्या आणि मागणीचं पत्र लिहायला बसून मदत करा. एवढं केलं नाही तर पुढे तुमच्या मैदानावर कुणी येणार नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

जिल्हा नक्की कुठपर्यंत?

संघटनेची घटना काढून कार्यक्षेत्र वाचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. जुन्या घटनेत वसई आणि डहाणू अजून ठाण्यातच असू शकतात. नवी मुंबईत गोंधळ जास्त. दिघा, ऐरोली ते बेलापूर हा महापालिकेचा पट्टा ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. बेलापूरच्या मैदानावर सराव करणारा खारघरचा मुलगा तुमच्या जिल्ह्याच्या संघातून निवड चाचणीला गेला आणि कुणी हरकत घेतली, तर अख्खा संघ अडचणीत येतो. सरावाला सगळ्यांना घ्या, नोंदणीच्या वेळी आधारवरचा पत्ता आणि शाळेचा जिल्हा दोन्ही लिहून ठेवा.

मैदान आणि हंगाम

ऑक्टोबर ते मे मैदानं क्रिकेटची. शनिवार-रविवार टेनिस बॉलच्या स्पर्धा, मध्ये लग्नं, सभा, नवरात्र. या काळात जागेसाठी भांडण्यात शक्ती घालवू नका. आपला हंगाम जून ते सप्टेंबर: क्रिकेट बंद, माती मऊ, पडलं तरी लागत कमी. मुंबईतही रग्बी पूर्वीपासून पावसाळ्यातच खेळली जाते. उरलेल्या आठ महिन्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी टच रग्बी (धरून पाडायचं नाही, नुसता हात लावायचा) पुरते. त्याला अर्धं मैदान बास.

मैदान सिडकोचं आहे की महापालिकेचं, हे अर्ज करण्याआधी शोधा. चुकीच्या दारात टाकलेला अर्ज कुणी पुढे पाठवत नाही. सरावाच्या जागा स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत निवडा. ठाणे–वाशी आणि ठाणे–पनवेल गाड्यांमुळे ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे इथली मुलं रिक्षाविना येऊ शकतात. रिक्षाचे पैसे लागले की तिसऱ्या आठवड्यात गळती सुरू होते.

पूर्ण मैदान जास्तीत जास्त १०० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद. तेवढं मिळणार नाही. मुलांच्या सेव्हन्सला ६० बाय ४० मीटरमध्ये सात नको, पाच-पाच खेळवा. एक अट मात्र सोडू नका: आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांच्या मधोमध सिमेंटचं क्रिकेट पिच असतं. वर मॅट टाकली तरी त्यावर टॅकल, म्हणजे धरून पाडणं, होऊ देऊ नये. पिच पूर्ण बाहेर राहील अशी आखणी करा, मैदान लहान झालं तरी चालेल. दर सरावाआधी सगळ्यांनी एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभं राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं आणि काच, खिळे, मांडवाचे सुतळीत अडकलेले खिळे उचलायचे. गणपती-नवरात्रीनंतर तर दोनदा.

गोलपोस्ट नसले तरी अडत नाही; कन्व्हर्जन (ट्राय केल्यावर खांबांमधून मारायची किक) वगळून खेळा. बसवायचेच असतील तर खांबांमध्ये ५.६ मीटर अंतर, आडवा दांडा ३ मीटरवर, आणि खांबांना गादी हवीच. ती गोल लाईनच्या पुढे ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त येता कामा नये.

सामान

२४ मुलांसाठी ८ चेंडू, ४० कोन, दोन रंगांचे १२-१२ बिब आणि ६ टॅकल पॅड. चौदा वर्षांखालच्यांना ४ नंबरचा चेंडू, मोठ्यांना ५ नंबरचा. हवेचा दाब साधारण ९.५ ते १० पीएसआय. सायकलच्या दुकानात भरून आणलेला चेंडू दगडासारखा होतो, लहान हातांतून उसळतो, आणि मुलाला वाटतं आपल्यालाच झेलता येत नाही. पंप आणि दाबमापक स्वतःचा ठेवा. आणखी एक नियम कडक पाळा: बूटवाले आणि अनवाणी एकाच खेळात नाहीत. सगळ्यांकडे बूट नसतील तर त्या दिवशी सगळे अनवाणी आणि फक्त टच.

मुलं कुठून आणायची, आणि त्यांचे हात कसे बदलायचे

घणसोली, तुर्भे, कळवा, दिवा. इथल्या गावठाणांत आणि वस्त्यांत कबड्डी रक्तात आहे. रग्बीसाठी याहून चांगली खाण नाही. बगल देणं, खाली झुकणं, पडायची भीती नसणं हे सगळं तयार मिळतं. पण नेमक्या याच मुलांना सर्वात आधी दुखापत होते. का, ते नीट समजून घ्या.

कबड्डीत अँकल होल्ड मारताना पकडणारा पुढे सूर मारतो आणि डोकं चढाई करणाऱ्याच्या पायांसमोर जातं. तिथे चढाईवाला सावध पावलं टाकत असतो, अख्खं अंगण १३ बाय १० मीटरचं. रग्बीत समोरचा पूर्ण वेगात येतो आणि त्याचा गुडघा सरळ कानशिलावर बसतो. म्हणून पहिली शिकवण डोक्याची: डोकं नेहमी धावणाऱ्याच्या मागच्या बाजूला, गाल त्याच्या मांडीला चिकटलेला, नजर वर. उजव्या खांद्याने पकड, तर डोकं त्याच्या शरीराच्या पलीकडे नाही, अलीकडेच. प्रत्येक मुलाला दोन्ही खांद्यांनी करून बघायला लावा. नव्वद टक्के लक्ष कमजोर खांद्याकडे द्या, कारण डोकं चुकीच्या बाजूला जातं ते तिकडेच.

डॅश ही दुसरी सवय. कबड्डीत खांद्याने धक्का देऊन चढाईवाल्याला बाहेर काढलं की टाळ्या. रग्बीत हात न गुंडाळता खांदा मारला की पेनल्टी, आणि जोरात असेल तर कार्ड. तिसरी थाय होल्डची: मांडी धरून उचलणं आणि आपटणं. उचललेल्या खेळाडूचे पाय कमरेच्या वर नेऊन त्याला डोक्यावर किंवा मानेवर पाडलं तर तो लाल कार्डाचा गुन्हा, आणि मानेचा धोका खरा आहे.

चौथी सवय मोडायला सर्वात वेळ लागतो. कबड्डीत धरलं की शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही. रग्बीत पाडलं की लगेच सोडायचं, बाजूला व्हायचं आणि चेंडूला हात लावण्याआधी पायांवर उभं राहायचं. पहिल्या दोन महिन्यांत तुमच्या संघावरच्या बहुतेक पेनल्टी याच असतील. उपाय साधा: प्रत्येक टॅकलला मुलाने स्वतः मोठ्याने म्हणायचं, 'धर, पाड, सोड, ऊठ'. चारही शब्द तोंडातून आले नाहीत तर पुन्हा. तीन आठवड्यांत जीभ थांबते आणि हात शिकलेले असतात.

खो-खोची मुलंमुली विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला वेगाने धावायच्या जागेवर, सोनं आहेत. फक्त चेंडू मागे द्यायची सवय लावावी लागते, कारण धावताना त्यांची नजर पुढेच असते.

क्रम असा ठेवा. पहिले तीन आठवडे फक्त टच. चौथ्यात दोघेही गुडघ्यांवर बसून टॅकल. पाचव्यात पकडणारा गुडघ्यावर, समोरचा चालत. सहाव्यात दोघे उभे, चालत. सातव्यात हलकं धावत. आठव्या आठवड्याआधी सामना नाही, पालकांनी कितीही आग्रह केला तरी. सुरुवातीची पंधरा मिनिटं तोल सांभाळणं, उडी मारून उतरणं आणि मानेचे व्यायाम यांना; वर्ल्ड रग्बीचा ॲक्टिव्हेट नावाचा कार्यक्रम यासाठीच बनवलेला आहे.

डोकं आणि पाणी

डोक्याला मार लागल्याचा संशय आला तरी मुलगा बाहेर, त्या दिवशी परत नाही. 'मी बरा आहे, सर' हे ऐकायचं नाही. घरी फोन करून सांगा: चोवीस तास एकटं सोडू नका, उलटी झाली, डोकेदुखी वाढली किंवा झापड येऊ लागली तर थेट रुग्णालय. पुन्हा सामना खेळायला किमान २१ दिवस, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. हे वहीत तारखेसह लिहा. शाळा वेगळी, क्लब वेगळा असेल तर दोघांनाही कळवा. नाहीतर मुलगा शनिवारी इथे बाहेर बसतो आणि रविवारी तिथे खेळतो.

पावसाळ्यात खेळताना लेप्टोचा (साचलेल्या घाण पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या तापाचा) धोका कायम धरा. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी, साचलेल्या पाण्यात सराव नाही, संपल्यावर साबणाने पाय. दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'पाण्यात खेळलो होतो' हे आवर्जून सांगायला शिकवा. गडगडाट ऐकू आला की सगळे आत, शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं.

सहा संघांची लीग

हा सगळ्याचा कणा. शाळा, गावठाणं, गृहसंकुलं मिळून सहा संघ, प्रत्येकी १२ खेळाडू. सेव्हन्सचा सामना ७-७ मिनिटांचे दोन भाग आणि दोन मिनिटांची विश्रांती. एका सामन्याला २० मिनिटं धरा. सगळ्यांचे सगळ्यांशी १५ सामने, म्हणजे तीन-तीन सामन्यांच्या पाच फेऱ्या. पहिल्या रविवारी दोन फेऱ्या, दुसऱ्या रविवारी दोन, तिसऱ्या रविवारी शेवटची फेरी, मग उपांत्य आणि अंतिम. सकाळी सात ते साडेनऊमध्ये बसतं. पहिल्या फेरीत शेवटी खेळलेल्या संघाला दुसऱ्या फेरीत पहिला सामना देऊ नका. दमलेलं पोर डोकं खाली घालून टॅकल करतं. पंच जिल्ह्यातूनच तयार करा. बंद झालेल्या संघातल्या खेळाडूंना शिट्टी आणि मानधन द्या, थोडं का असेना, पण दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला.

मुलींचे संघ पहिल्याच वर्षी, त्याच दिवशी, त्याच मैदानावर. नंतर करू म्हटलं की होत नाही.

पैसा आणि पुढचा मालक

एका देणगीदाराकडून वर्षाच्या खर्चाच्या एक तृतीयांशाहून जास्त घेऊ नका. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी मिळू शकतो: सेव्हन्स २०१६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण येतं. त्यासाठी आयकर खात्याकडची बारा-ए आणि ऐंशी-जी, आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ ही नोंदणी लागते. ती आत्ताच करून ठेवा. महापे-रबाळेच्या कारखान्यांना 'मदत करा' असं पत्र पाठवून उत्तर येत नाही. 'दोन शाळांची ४८ मुलं, एक हंगाम, एवढे चेंडू, एवढे बूट, विमा, सोबत अंदाजपत्रक' असं एक पान पाठवलं तर निदान फोन येतो.

जून २०२५ मध्ये सहा संघांची रग्बी प्रीमियर लीग मुंबईत सुरू झाली, त्यामुळे पगारी संघ काढायला पुन्हा कुणीतरी येईल. तेव्हा चार अटी करारात लेखी घ्या. संघाचं नाव, चिन्ह आणि समाजमाध्यमांवरची पानं संघटनेच्या मालकीची. एका हंगामाचे पूर्ण पगार आधी बँकेत अनामत. मुलांच्या लीगचा निधी वेगळ्या खात्यात, त्यावर मालकाची सही नाही. आणि त्याने दिलेलं सगळं सामान, शेवटच्या कोनापर्यंत, संघटनेच्या नोंदवहीत चढवून ठाण्यातल्या आपल्याच कपाटात, किल्ली आपल्याकडे.