गॅस गिझर पेटत नाही? आधी झरोका बघा, मग सेल

मागच्या गणपतीत आमच्या मालवणच्या घरी मुंबईची तेरा माणसं उतरली होती. चतुर्थीच्या सकाळी एकामागून एक आंघोळी चालल्या होत्या. सातवा नंबर धाकट्या वहिनीचा. ती न्हाणीघरातून बाहेर आली ती भिंत धरूनच. डोकं जड, पोटात मळमळ, पाय लटपटत होते. आदल्या दिवशी हरतालिकेचा कडक उपास होता, तोच बाधला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तिला पडवीत वाऱ्याला बसवलं, तासाभराने बरं वाटलं. खरं तर तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला हवं होतं. नंतर मी न्हाणीघरात गेलो आणि वर पाहिलं. पावसाची झड आत येते म्हणून जूनमध्ये झरोक्याला आम्हीच फळी ठोकली होती. गिझर आत भिंतीवर, आणि त्याची ज्योत पिवळी.

म्हणून गिझरची कसलीही तक्रार असो, तपासणी हवेपासून सुरू करा.

पहिलं काम: हवा

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण. त्याचा एक भाग नीट जळायला हवेचे २४ ते ३१ भाग लागतात. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर सलग चालला तर तासाला किलोच्या आसपास गॅस जाळतो, म्हणजे त्याला ११-१२ घनमीटर हवा हवी. आपलं ४ बाय ६ फुटांचं, ८ फूट उंच न्हाणीघर जेमतेम साडेपाच घनमीटरचं. दार-झरोका बंद असेल तर अर्ध्या तासात हिशेब संपला, आणि त्याच्या कितीतरी आधी गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार व्हायला लागतो. हा वायू विषारी, वहिनीला बाधला तो उपास नव्हे, हाच; आणि त्याला वास नसतो. गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो. जळलेल्या गॅसला तो राहत नाही. त्यामुळे नाकावर भरवसा ठेवू नका.

झरोका कायम उघडा हवा. झड अडवायची असेल तर बाहेरून तिरका पत्रा लावा, भोक बुजवू नका. दाराखालीही फट किंवा जाळी ठेवा: ताजी हवा खालून येते, तापलेली वरून जाते. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, त्यालाही बाहेर पडायला खालची जाळीच उपयोगी.

सगळ्यात चांगलं म्हणजे गिझर न्हाणीघरात ठेवूच नये. मागच्या पडवीच्या भिंतीवर, वाऱ्याची सरळ झोत लागणार नाही अशा जागी लावून गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. पावसात भिजू नये म्हणून काही जण गिझरला प्लास्टिकची पिशवी गुंडाळतात आणि तसाच पेटवतात. असं कधीही करू नका.

आंघोळीत डोकं जड वाटलं तर पाणी बंद करायलाही थांबू नका, बाहेर मोकळ्यावर या. मग बाहेरून कोणीतरी गॅस बंद करावा, आणि डॉक्टरकडे जा.

टक् टक् आवाजच येत नाही

नळ सोडल्यावर पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, स्विच दबतो आणि ठिणगी पडते. आवाज नाही म्हणजे एकतर सेल गेले किंवा पाण्याला दाब नाही.

बहुतेक गिझरना दोन मोठे सेल लागतात. आपल्या खाऱ्या हवेत सेल चांगले असूनही ते जिथे टेकतात त्या धातूच्या पत्र्यांवर हिरवट थर चढतो आणि वीज पुढे जात नाही. सेल काढा, पत्रे बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, कोरड्या फडक्याने पुसा. चार्जिंगचे सेल वापरू नका. साध्या सेलचे दीड-दीड मिळून ३ व्होल्ट होतात, चार्जिंगचे २.४ च्या आसपासच भरतात.

सेल ठीक असतील तर थंड पाण्याची नळी जिथे जोडली आहे तिथली जाळी काढून बघा. आमच्या विहिरीला पावसात गाळ येतो, तेव्हा ही जाळी लाल मातीने लिंपून जाते. जुन्या दातघाशीने धुतली की काम होतं. टाकी गिझरपासून जेमतेम मीटरभरच उंच असेल तर मात्र दाबच पुरणार नाही. टाकी उंच करा किंवा कमी दाबावर चालणारा गिझर घ्या.

ठिणगी पडते, पण पेटत नाही

कॉक उघडा आहे का, सिलिंडरमध्ये गॅस आहे का, शेगडी नीट पेटते का, ते बघा. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर नळीत हवा असते, दोन-तीनदा प्रयत्न करावा लागतो. प्रत्येक वेळी मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, नाहीतर साठलेला गॅस एकदम भडकतो.

बंद घरात वर्षभर पडलेल्या गिझरमध्ये कोळ्याची जाळी आणि कुंभारमाशीचं मातीचं घरटं हमखास सापडतं. बर्नरच्या तोंडात बसलेली चिमूटभर मातीही गॅस अडवते. ती मेकॅनिककडून काढून घ्या; आपण तार घालून जेटचं, म्हणजे गॅस जिथून सुटतो ते बारीक, भोक मोठं करून बसतो.

पेटून लगेच विझतो, किंवा ज्योत पिवळी

पाच-सात सेकंदांत विझत असेल तर ज्योत ओळखणाऱ्या सळईवर काजळी किंवा गंज असतो. वीस मिनिटांनी विझत असेल तर तो बिघाड नाही. अनेक गिझरमध्ये तसा टायमरच असतो. त्यावेळी लगेच परत पेटवू नका, दार उघडून हवा खेळू द्या.

ज्योत निळी हवी. पिवळी, डुलणारी, काजळी धरणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडते किंवा बर्नर तुंबलाय. असा गिझर दुरुस्त होईपर्यंत वापरू नका, पाणी चुलीवर तापवा.

गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका, आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा. सांधे तपासायचे तर साबणाचा फेस लावा, काडी ओढू नका.

गौरी-गणपती विसर्जन झालं, घराला कुलूप लावायची वेळ आली, की गिझरचे सेल काढून डब्यात ठेवा, कॉक बंद करा, पाणी काढून टाका आणि कुंभारमाशी शिरू नये म्हणून गिझरला जुनं धोतर बांधा. पुढच्या वर्षी पेटवण्याआधी ते सोडायचं आहे, म्हणून आम्ही बटणाशेजारी भिंतीवर खडूने तसं लिहून ठेवतो. आमचा गिझर आता मागच्या पडवीत आहे, आणि झरोक्यावरची ती फळी वहिनीने स्वतःच्या हाताने काढली.