उत्पादन बंद झालेल्या पीएलसी-सीएनसीचे सुटे भाग: या चुका टाळा

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी शॉपमध्ये साफसफाई चालली होती. मेन खाली, पॅनलची दारं उघडी. नवीन लागलेला पोरगा हौशी. जुन्या व्हीएमसीवर (उभं मिलिंग मशीन), त्याच्या फानुक झिरो-एम या सीएनसी कंट्रोलवर (मशीन चालवणारा संगणक), बॅटरीचा अलार्म बरेच दिवस येत होता. पठ्ठ्याने टॉर्चला लागतात तसे तीन मोठे सेल आणले, डब्यातले जुने काढून नवे घातले आणि वर झेंडूची माळही चढवली. दसरा झाल्यावर मेन वर केला, तर स्क्रीनवर अलार्मची रांग. पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंगचे आकडे, सगळे उडालेले.

सेल बरोबर होते, वेळ चुकली. या कंट्रोलचे पॅरामीटर ज्या मेमरीत असतात तिला वीज कायम लागते. मशीन चालू असताना मेनची, बंद असताना सेलची. म्हणून सेल बदलायचे ते कंट्रोल चालू ठेवूनच, हात जपून. आम्ही वाचलो ते पॅनलच्या दाराला आतून लावलेल्या छापील पॅरामीटरच्या कागदामुळे. रात्रभर एक जण वाचतोय, दुसरा भरतोय. ९०० च्या पुढचे आकडे दोनदा तपासले, कारण मशीनला कुठले ऑप्शन आहेत ते तिथे ठरतं. लॅपटॉपला जोडायची आरएस-२३२ ची केबल लावून हे सगळं आधीच उतरवून ठेवलं असतं, तर चहा गार व्हायच्या आत काम झालं असतं. दिवाळीच्या लांब सुट्टीआधीही असं उतरवून ठेवा. मशीन आठ दिवस बंद राहतं तेव्हाच मरायला टेकलेला सेल दगा देतो.

आमच्या कोल्हापुरात शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो, नाहीतर उद्यमनगरातला दोन मशीनचा शॉप. मशीन बंद पडलं की जुनं सर्किट कार्ड शोधायला सगळे पळतात, त्या कार्डाच्या पोटात काय होतं ते कुणी विचारत नाही. पैसे मोजले की कार्ड मिळतं. प्रोग्रॅम मिळत नाही.

कार्डावरचा पूर्ण नंबर न वाचणं

"एफएक्स२एन, ३२ पॉइंट, आहे काय?" असा फोन करून मागवलेला मित्सुबिशीचा पीएलसी, म्हणजे मशीन क्रमाने चालवणारा छोटा कंट्रोलर, हमखास चुकीचा येतो. ३२एमआर आणि ३२एमटी बाहेरून जुळे भाऊ. एमआरचं आउटपुट रिले, एमटीचं ट्रान्झिस्टर. फौंड्रीतल्या सँड प्लँटचे सोलेनॉइड (विजेवर उघडणारे व्हॉल्व्ह) २३० व्होल्ट एसीचे असतील आणि तुम्ही एमटी बसवलात, तर आउटपुट पहिल्याच दणक्याला जाणार. ट्रान्झिस्टरवर डीसीच चालतं. फोनवर नंबर सांगू नका. लेबलचा फोटो पाठवा, शेवटच्या अक्षरापर्यंत दिसेल असा.

गोडाऊनमधला ड्राइव्ह थेट ४१५ व्होल्टवर जोडणं

ही चूक मी स्वतः केलीय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चार वर्षं बॉक्समध्ये पडलेला, मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह, पावती आहे, सील आहे, कोरा माल. जोडला, मेन दिला, फाट्कन आवाज आणि पॅनलभर धूर. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये अॅल्युमिनियमच्या फॉइलवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. वीज न मिळता ड्राइव्ह नुसता पडून राहिला की हा थर विरत जातो. मग एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं की गळती करंट वाढतो, कपॅसिटर तापतो आणि फुटतो.

वर्षाहून जास्त पडून असलेला ड्राइव्ह आधी डिमरस्टॅटवर (व्होल्टेज हळूहळू वाढवायचा ट्रान्सफॉर्मर) घ्या, मोटर न जोडता. पायऱ्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या असतात. साधारण पाव, अर्धं, पाऊण असं व्होल्टेज चढवत प्रत्येक पायरीवर अर्धा तास थांबायचं, मग पूर्ण. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्पेअर ड्राइव्ह वर्षातून एकदा वीज देऊन ठेवायचा आणि बॉक्सवर खडूने तारीख टाकायची. चालू पॅनलमधले कपॅसिटर मात्र उष्णतेने म्हातारे होतात. दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य साधारण निम्मं, असा हिशेब धरतात. भट्टीशेजारच्या पॅनलचा पंखा बंद पडलाय आणि "बघू पुढच्या शटडाऊनला" म्हणताय, तर पुढचं कार्ड कधी जाणार ते तुम्हीच ठरवताय.

फौंड्रीत धुळीचं दुखणं वेगळं. वाळूत मिसळलेल्या कोळशाची पूड कार्डावर बसली आणि जुलैतली ओल लागली की तीच वायर होते. एअर गनने धूळ उडवू नका, ती कनेक्टरात शिरते. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम घ्या.

सीमेन्सवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. एस७-३०० पीएलसीच्या नव्या सीपीयूत प्रोग्रॅम छोट्या एमएमसी कार्डावर असतो. दिसायला ते कॅमेऱ्याच्या कार्डासारखं, म्हणून कुणीतरी लॅपटॉपात घालतं, विंडोज विचारते "फॉरमॅट करू का?", हा म्हणतो "कर". प्रोग्रॅम तर गेलाच, ते कार्डही त्या सीपीयूला परत चालत नाही. हे कुटुंब १ ऑक्टोबर २०२३ पासून कंपनीने बंद करायला घेतलं. कंपनीचे स्पेअर २०३३ पर्यंत. त्याआधीचा एस५ पीएलसी चालवत असाल तर जुना लॅपटॉप भंगारात घालू नका. एस५ चा पोर्ट २० मिलीअँपिअर करंट लूपचा, बाजारातली साधी यूएसबी केबल त्याला थेट लागत नाही.

विकत घेताना "टेस्टेड ओके"च्या स्टिकरवर जाऊ नका. वीज देऊन, एलईडी पेटलेले, इनपुट-आउटपुट हलवून दाखवलेला व्हिडिओ मागा. "जुनं आहे, चालतंय की" म्हणणारा दुकानदार तो द्यायला कां-कूं करत असेल तर पुढचं दुकान बघा. चिपवरची छपाई नको तितकी ताजी दिसली आणि अॅसिटोनच्या बोळ्याला काळं लागलं, तर चिप घासून पुन्हा छापलेली असण्याचा संशय घ्या.

रिपेअरला कार्ड पाठवताना जंपर आणि डिप स्विचचे (कार्डावरची सेटिंग ठरवणाऱ्या छोट्या कळा) फोटो काढा. काचेची खिडकी असलेला ईप्रॉम (प्रोग्रॅम साठवणारी चिप) असेल तर त्यावरचा कागद सोलू नका. अतिनील प्रकाशाने तो पुसला जातो.

आणि ऑगस्ट २०१९ आठवा. शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी होतं, पुण्याहून निघालेला माल वाटेतच अडकलेला. तेव्हापासून आमची स्पेअरची यादी मे महिन्यातच निघते, आणि कार्डांचं कपाट सिलिका जेलच्या पुड्यांसकट माडीवर गेलंय.