गावात सर्वेक्षण: मुलाखतीला घर आणि माणूस कसा निवडायचा

सर्वांत जास्त वेळ यादीला द्या. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हाताशी असतो, पण तो घरपट्टीचा. त्यात मालक सापडतो, भाडेकरू सापडेलच असं नाही; एका छपराखाली भावांच्या दोन चुली असल्या तरी नोंद एकच असू शकते. मतदार यादीत सासरी गेलेल्या मुली आणि वारलेली माणसं राहून जातात. दोन्ही याद्या घेऊन आशाताईंबरोबर गाव पायी फिरा. गावठाण संपलं की थांबू नका. मळ्यातल्या वस्त्या, पारधी वस्ती, वीटभट्टीवरच्या झोपड्या यांतूनच माणसं सुटतात. एक चूल म्हणजे एक कुटुंब धरून क्रमांक टाका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही आधी घरांची यादी होते, मग प्रत्येक ठिकाणी २२ घरं निवडतात.

समजा ४८० चुली भरल्या आणि ६० मुलाखती हव्यात. चारांतलं एक घर हाती लागणार नाही असं धरून सुरुवातीलाच ८० निवडा. ४८० भागिले ८०, म्हणजे ६. आता १ ते ६ मधली एक चिठ्ठी काढा. ४ निघाला तर ४, १०, १६ असं ४७८ पर्यंत जा. मजल्यावर सहा खोल्यांची चाळ असेल तर ही पद्धत फसते, कारण दर मजल्यावर चौथीच खोली येते. तिथे सरळ सगळ्या खोल्यांच्या चिठ्ठ्या टाका.

घरात दार उघडेल त्याच्याशीच बोललात तर दुपारी सासूबाईच भेटतील. १८ वर्षांवरच्या सगळ्यांची नावं वयाप्रमाणे लिहा आणि चिठ्ठीने एक ठरवा. ‘ज्याचा वाढदिवस आधी येतो तो’ ही पद्धत सोपी वाटते, पण गावात कित्येकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यापुरती १ जून असते.

निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारी जाऊ नका. ही चूक सगळ्यांत महागात पडते. बीडकडच्या गावात दिवाळीनंतर कुलपं दिसतात ती बहुतेक ऊसतोडीला गेलेल्यांची. शेजारी घेतलात की मजूर गळतो आणि बागायतदार वाढतो. सकाळी, संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी अशा तीन खेपा घाला. तरी भेट झाली नाही तर वहीत कारण लिहा: स्थलांतर, आजारपण की नकार. नकार देणाऱ्याला सरपंचाकरवी गळ घालू नका. दबावाखाली दिलेली संमती ही संमतीच नाही.