मूलद्रव्य, संयुग की मिश्रण? पदार्थ ओळखायचा कसा

हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असतात. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतात. मग हवा मिश्रण (घटकांची नुसती सरमिसळ) आणि पाणी संयुग (मूलद्रव्यं रासायनिक क्रियेने जोडली गेलेली), असं का? व्याख्या तोंडपाठ असलेले विद्यार्थीही इथे अडखळतात, कारण ते आधी 'यात किती मूलद्रव्यं आहेत' हे मोजायला जातात. तो प्रश्न शेवटी विचारायचा. खालच्या क्रमाने गेलात तर गोंधळ बराच कमी होईल.

पायरी १ : ते द्रव्य आहे ना?

वस्तुमान आहे आणि जागा व्यापते, तर द्रव्य. प्रकाश, उष्णता, ध्वनी इथेच बाजूला ठेवा. ही पायरी क्षुल्लक वाटते, पण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएने १७८९ साली दिलेल्या ३३ मूलद्रव्यांच्या यादीत प्रकाश आणि उष्णता दोन्ही होते.

पायरी २ : सगळीकडे सारखं आहे का?

वाळू मिसळलेलं पाणी, ग्रॅनाइटचा दगड यांत वेगवेगळे भाग डोळ्यांनाच दिसतात. ही विषमांगी, म्हणजे सगळीकडे सारखी नसलेली मिश्रणं, निकाल लागला. मात्र डोळ्यांवर फार विसंबू नका. रक्त एकसारखं लाल दिसतं, सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या पेशी वेगळ्या दिसतात. म्हणून 'सारखं दिसतं' एवढ्यावरून पदार्थ शुद्ध ठरवू नका, पुढच्या पायरीवर जा.

पायरी ३ : भौतिक पद्धतीने घटक वेगळे होतात का?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मिठाचं पाणी आणि शुद्ध पाणी शेजारी ठेवलं तर नजरेला फरक कळत नाही. पण पाणी आटवलं की मीठ तळाशी उरतं, म्हणजे ते समांगी (सगळीकडे सारखं) मिश्रण होतं. गाळणं, आटवणं, ऊर्ध्वपातन (उकळून निघालेली वाफ थंड करून गोळा करणं), चुंबक फिरवणं, गाळणकागदावर शाईचे रंग वेगळे करणं या सगळ्या भौतिक पद्धती. त्यांत घटक सुटे होतात, पण नवा पदार्थ तयार होत नाही.

तापमापी हातात असेल तर आणखी एक चाचणी आहे. प्रमाण दाबाला शुद्ध पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं आणि उकळत असेपर्यंत तापमान तिथेच राहतं. मिठाचं पाणी थोड्या जास्त तापमानाला उकळू लागतं, आणि पाणी कमी होत जाईल तसं तापमान चढत राहतं. ही चाचणी चांगली आहे, पण एकटीवर निकाल देऊ नका. वस्तुमानाने सुमारे ९५.६ टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी असलेलं मिश्रण ७८.२ अंशांना, अगदी शुद्ध पदार्थासारखं, स्थिर तापमानाला उकळतं. दाब बदलला की मात्र या मिश्रणातलं प्रमाणही बदलतं. संयुगाच्या बाबतीत असं कधीच होत नाही.

संयुगाची खरी ओळख प्रमाणातच आहे. पाणी कुठूनही आणा, शुद्ध केल्यावर त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचं वस्तुमानी प्रमाण १ : ८ हेच मिळतं. पितळेत तांबं आणि जस्त यांचं प्रमाण हवं तसं कमीजास्त करता येतं, तरी ते पितळच राहतं. म्हणून पितळ मिश्रण. २२ कॅरट सोनंही मिश्रणच. त्यातले २४ पैकी २२ भाग सोन्याचे, उरलेले दोन इतर धातूंचे.

पायरी ४ : रासायनिक क्रियेने त्याचं अपघटन होतं का, म्हणजे ते साध्या पदार्थांत फुटतं का?

पदार्थ शुद्ध आहे हे ठरल्यावरच हा प्रश्न विचारायचा. पाण्यातून वीज सोडली की दोन वायू मिळतात. लाल मर्क्युरिक ऑक्साइड तापवलं की पारा आणि ऑक्सिजन सुटे होतात. ही संयुगं. ज्याचं याहून साध्या पदार्थांत अपघटन होत नाही ते मूलद्रव्य. प्रयोग शक्य नसेल तर आवर्तसारणी उघडा. आज ११८ मूलद्रव्यं माहीत आहेत. नाव त्यांत असेल तर प्रश्न मिटला.

इथे एक सापळा आहे. मॅग्नेशिअमची फीत जाळली की पांढरी भुकटी उरते. म्हणजे मॅग्नेशिअमचं अपघटन झालं का? वजन करून पाहा: २४ ग्रॅम मॅग्नेशिअमपासून सुमारे ४० ग्रॅम भुकटी होते. हवेतला ऑक्सिजन त्याला जोडला गेला आहे. वजन वाढलं असेल तर संयोग झाला आहे, हे लक्षात ठेवा.

'अपघटन होत नाही' हे विधानही जपून करावं. लव्हाझिएच्या यादीत चुनाही मूलद्रव्य म्हणून होता, कारण तेव्हाच्या साधनांनी त्याचं अपघटन होत नव्हतं. १८०८ मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने विजेच्या मदतीने त्यातून कॅल्शिअम मिळवलं आणि चुना संयुगांत गेला.

पदार्थांच्या एकाच जोडीवर सगळं तपासायचं असेल तर

शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्रयोगशाळेतच, ७ ग्रॅम लोहकीस आणि ४ ग्रॅम गंधकाची पूड एकत्र करा. चुंबक फिरवला की लोहकीस निघून येतो: मिश्रण. आता परीक्षानळीत तापवा. राखाडी-काळा आयर्न सल्फाइड तयार होतो आणि त्यातून चुंबक लोखंड वेगळं काढू शकत नाही. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर मिश्रणातल्या लोखंडापासून हायड्रोजन निघतो, तर संयुगापासून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. तो विषारी आहे, त्यामुळे ही चाचणी अगदी थोड्या पदार्थावर आणि धूर खेचणाऱ्या कपाटातच करावी. मूलद्रव्यं दोन्हीकडे तीच, गुणधर्म मात्र पार वेगळे.

रेणू म्हणजे संयुग नव्हे

ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू, ओझोनच्या रेणूत तीन, नेहमीच्या गंधकाच्या रेणूत आठ. तरी तिन्ही मूलद्रव्यंच, कारण प्रत्येकात अणू एकाच प्रकारचे आहेत. आणि ऑक्सिजन व ओझोन एका भांड्यात भरले तर? अणू एकाच मूलद्रव्याचे, पण रेणू दोन प्रकारचे, आणि थंड करून ते वेगळे करता येतात. तिसऱ्या पायरीवरच उत्तर मिळतं: मिश्रण.