फिलरनंतर चेहरा काळानिळा पडला तर

घरात लग्न असेल तर फिलर, म्हणजे चेहरा भरीव दिसावा म्हणून त्वचेखाली टोचायचं जेल, किमान दोन आठवडे आधी घ्या. काळंनिळं ओसरायला एक ते दोन आठवडे लागू शकतात. डाग लवकर जावा म्हणून वापरतात त्या अर्निका या वनस्पतीच्या औषधाच्या भरवशावर फिलरची तारीख लग्नाच्या जवळ आणू नका.

आठवडाभर आधीपासून माशाच्या तेलाच्या आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून थांबवा, आदल्या दिवसापासून दारू बंद. डोकं दुखलं तर साधी पॅरासिटामॉल घ्या. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन असतं, डिस्प्रिन म्हणजे अ‍ॅस्पिरिनच, आणि या दोन्हींनी काळंनिळं वाढू शकतं. मात्र हृदयासाठी दिलेली इकोस्प्रिन (तीही अ‍ॅस्पिरिनच) स्वतःच्या मनाने बंद करू नका. गालावरचा डाग जातो, स्टेंटमध्ये गुठळी झाली तर जिवावर बेततं.

फिलर घेतल्यानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ, पाच-दहा मिनिटं, न चोळता. दोन दिवस व्यायाम, वाफ, मसाज, गरम शेक काही नको. झोपताना डोकं उंच.

आता खरी अवघड गोष्ट. ‘काळंनिळं होतंच, थांबा’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, कारण फिलरने रक्तवाहिनी बंद झाली तरी सुरुवातीला ते साध्या डागासारखंच दिसू शकतं. साधा डाग सुईच्या जागेभोवती असतो, दाबल्यावर त्याचा रंग जात नाही, पुढे तो हिरवा-पिवळा होत विरतो. वाहिनी बंद झाली असेल तर त्वचा पांढुरकी पडते किंवा जाळीसारखी जांभळट नक्षी उठते, तीही बहुधा सुईच्या जागेपासून दूरपर्यंत. बोटाने दाबून सोडा: दोन-तीन सेकंदांत रंग परतला नाही तर संशय घ्या. दुसऱ्या गालाशी ताडून बघा. बर्फानेही त्वचा फिकट दिसते, म्हणून तो काढून थोड्या वेळाने बघा. सावळ्या त्वचेवर फिकटपणा चटकन कळत नाही, तेव्हा खिडकीच्या उजेडात बघा. वाढत जाणारी वेदना धोक्याचीच, पण दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच फिलरमध्ये लिडोकेन असतं, ते भूल देतं.

संशय आला की त्याच तासाला डॉक्टरांना फोन करा, नुसता फोटो पाठवून उत्तराची वाट बघू नका. नजर अंधुक झाली, डोळा दुखू लागला किंवा बोलणं अडखळलं तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर हायल्युरोनिडेज या इंजेक्शनने विरघळवता येतं. ते क्लिनिकमध्ये तयार ठेवलेलं असतं का आणि रात्री फोन कोण उचलतं, हे पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर टाळलं तर तिथे फिलर घेऊ नका.