‘के०४ आहे’ एवढ्यावर थांबू नका: जुन्या गाडीचा टर्बो ओळखताना या चुका टाळा

जुनी ऑक्टाव्हिया १.८ टर्बो विकायला निघाली की मालक एक गोष्ट आवर्जून सांगतो: ‘के०४ टर्बो बसवलाय.’ टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबून भरणारं यंत्र. तेव्हाच्या औरंगाबादजवळ (आता छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला जोडल्या गेलेल्या या गाड्यांवर माझा जीव आहे. २००४ साली आपल्याकडे आलेल्या आरएसला, म्हणजे ऑक्टाव्हियाच्या वेगवान आवृत्तीला, कंपनीकडून १५० पीएस (अश्वशक्ती) मिळाले होते आणि टर्बो होता के०३, के०४पेक्षा लहान. त्यामुळे मोठा टर्बो म्हटलं की घेणारा लगेच दोन पैसे जास्त मोजतो. मीही मोजले होते.

पहिली चूक इथेच होते. के०४ हे एका टर्बोचं नाव नाही, ते आडनाव आहे. के०४-००१ हा ऑक्टाव्हियासारख्या आडव्या इंजिनावर मूळ के०३च्याच मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर टर्बोपर्यंत नेणाऱ्या फाट्याला) बसतो आणि त्याने पडणारा फरक माफक असतो. के०४-०१५ हा पसाटसारख्या, गाडीच्या लांबीच्या दिशेने उभ्या बसवलेल्या इंजिनांसाठीचा. आणि के०४-०२३ ऑडी एस३ आणि २२५ पीएसच्या टीटीवरचा. त्याला वेगळा मॅनिफोल्ड आणि डाउनपाइप (टर्बोच्या पुढचा धुराचा पाइप) लागतो, तेल-पाण्याच्या नळ्याही बदलाव्या लागतात. म्हणजे गाडीचा मॅनिफोल्ड मूळचाच दिसत असेल, तर तिच्यावर ०२३ नाही हे बॉनेट उघडल्या उघडल्या कळतं. मालकाला आधी हेच विचारा: के०४, पण कितवा?

उत्तर टर्बोच्या पाटीवर असतं. ऑक्टाव्हियात टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीच्या) बाजूला दडलेला असल्यामुळे ती पाटी सहज दिसत नाही. टॉर्च लावून फोनने व्हिडिओ काढा. पाटी काळी पडली असेल तर तारेचा ब्रश अजिबात लावू नका, उथळ कोरलेले आकडे त्याने कायमचे जातात. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, सुकू द्या, मग खडू घासून वरवर पुसून घ्या. खाचांत खडू राहतो आणि आकडे पांढरे उठून दिसतात. ५३०३ने सुरू होणारा नंबर के०३चा, ५३०४ने सुरू होणारा के०४चा. शेवटचे चार आकडे नेमका प्रकार सांगतात. मधल्या ९७० आणि ९८८ मुळे बरेच जण गोंधळतात. ९७० गाडीबरोबर आलेल्या टर्बोवर असतो, ९८८ नंतर बदली म्हणून घेतलेल्यावर. तेवढ्यावरून टर्बो वेगळा ठरत नाही.

हाउसिंगवर, म्हणजे टर्बोच्या बाहेरच्या कवचावर, ओतीव उठलेला आकडा हाही पाटीवरचा नंबर नव्हे. गॅरेट या टर्बो बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या टर्बोंवर ‘.६०’ किंवा ‘.६३’ असं दिसतं आणि गाडी ‘साठच्या टर्बोची’ म्हणून विकली जाते. तो आकडा म्हणजे हाउसिंगच्या पोकळीचं क्षेत्रफळ भागिले त्रिज्या, म्हणजे फक्त गुणोत्तर. आत व्हील (पात्यांचं चाक) केवढं आहे ते त्यावरून कळत नाही.

पाटी सापडली तरी काम संपत नाही, कारण पाटी कॉम्प्रेसरच्या (हवा दाबणाऱ्या बाजूच्या) कव्हरवर असते. दुरुस्तीत आतला कार्ट्रिज (शाफ्ट आणि बेअरिंगचा गाभा) आणि व्हील बदललं, तरी कव्हर आणि पाटी जुनीच राहते. म्हणून शंका असेल तर व्हर्निअर काढा. हवा जिथून आत शिरते तिथला पात्यांच्या टोकांचा व्यास आणि मागचा मोठा व्यास, दोन्ही मोजा. लहान भागिले मोठा, त्याचा वर्ग, गुणिले १०० म्हणजे ट्रिम. गॅरेटचा जीटी३०७६आर घ्या: ५७ आणि ७६.२ मिमी, म्हणजे ट्रिम ५६. मोठा व्यास मोजायला कव्हर उतरवावं लागतं. त्याआधी हाउसिंगवर खूण करा, नाहीतर परत बसवताना पाइपांची तोंडं जुळत नाहीत. व्हीलच्या टोकाच्या नटला हात लावू नका. तो बहुतेक उलट्या आट्यांचा असतो आणि सैल झाला की व्हीलचं बॅलन्सिंग गेलं.

मोजताना हमखास फसवणाऱ्या दोन जागा आहेत. कव्हरच्या तोंडाचा व्यास म्हणजे व्हीलचा व्यास नव्हे; तोंडाशी जास्तीची खाच असलेल्या कव्हरमध्ये हा फरक बराच पडतो. आणि एक्झॉस्टकडच्या टर्बाइनची पाती ९ किंवा ११ अशी विषम असली, तर एका पात्यासमोर दुसरं पातं येतच नाही. सरळ आडवं मोजलं की आकडा कमी भरतो.

पाण्याच्या नळ्या दिसल्या म्हणून ‘बॉल बेअरिंग आहे’ असं ठरवणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. साध्या बेअरिंगच्या के०३लाही पाणी फिरतं. गॅरेटच्या बॉल बेअरिंग टर्बोला तेलाच्या वाटेत साधारण १ मिमी छिद्राचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे तेल मोजकंच सोडणारा तुकडा, लागतो. तोच साध्या बेअरिंगच्या टर्बोला लावला की तेल कमी पडून शाफ्ट खरवडतो. उलट बॉल बेअरिंगला तो लावला नाही, तर सीलमधून तेल झिरपून निळा धूर येतो आणि लोक चांगला टर्बो बाद समजून फेकून देतात.

ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचा (जादा दाब सोडणाऱ्या झडपेचा) आवाज आणि बूस्ट गेजचा (टर्बोचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा) काटा यांवरून टर्बो ओळखायला जाऊ नका. एक बार लहान टर्बोही देतो आणि मोठाही, पण त्या दाबाला पुढे जाणारी हवा सारखी नसते.

माझ्या गाडीची पाटी ५३०३ निघाली. कव्हर उतरवून मूळ के०३च्या व्हीलशेजारी धरून पाहिलं, तेही तंतोतंत तेच. ईसीयूत (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) मात्र मोठ्या टर्बोचा मॅप, म्हणजे त्याची सेटिंग्ज, भरलेला होता, म्हणजे बिचारा लहान टर्बो झेपत नसलेल्या वेगाने फिरत होता आणि तापलेली हवा इंजिनात ढकलत होता. त्याच आठवड्यात मूळ मॅप परत घातला. आता पाटीचा फोटो आणि दोन्ही व्यास कागदावर लिहून ग्लव्हबॉक्समध्ये ठेवलेत. पुढे कोणाही ट्यूनरकडे गाडी गेली, तरी तो कागद आधी त्याच्या हातात देतो.